रानातील चित्रशाळा

इ. स. १९५७ सालची गोष्ट. भोपाळ-इटारसी मार्गावरील आगगाडीत विष्णू श्रीधर वाकणकर बसले होते. विंध्य पर्वताच्या सागवानी रानातून उंच, चमत्कारिक आकारांचे खडक डोके वर काढीत होते. अशाच खडकांच्या आडोशाला आदिमानवाने काढलेली चित्रे त्यांनी चंबळच्या खोऱ्यात पाहिली होती. मग त्यांना चैन कसे पडावे? ते गाडीतून उतरले आणि त्या रानात शिरले. तेच हे भीमबेटका.

वाकणकरांचा जन्म ४ मे १९१९ रोजी माळव्यातील नीमच येथे एका मराठी कुटुंबात झाला. उज्जैन ही त्यांची कर्मभूमी. ते हाडाचे चित्रकार होते.

भीमबेटका अगदी अज्ञात मात्र नव्हते. येथे भीमाची बैठक होती, अशी रानातील लोकांची श्रद्धा होती. त्यांच्याकडूनच ऐकून एका इंग्रज अधिकाऱ्याने १८८८ साली या स्थळाचा उल्लेख केला. पण ते बौद्धांचे स्थान समजले गेले. रानातील सागाची मोजदाद होई, बांबूची होई. खडकावरच्या हत्तीची कोण करणार?

ते काम वाकणकरांनी अंगावर घेतले. सात टेकड्यांवर सातशेहून अधिक शैलाश्रय आहेत. प्रत्येक टेकडीला रोमन अंक, तिच्यावरील समूहाला अक्षर आणि शैलाश्रयाला क्रमांक, अशी नोंद करण्यात आली. खडकावर गेरूच्या तांबड्या आणि पांढऱ्या रंगांत गवे, हरिणे, रानडुकरे, हात धरून नाचणारी माणसे, पुढील काळातील घोडेस्वार! कित्येक ठिकाणी एका चित्रावर दुसरे, त्यावर तिसरे. कोणते खाली आहे आणि कोणते वर, हे पाहून वाकणकर त्यांचा क्रम लावीत. अशा कामाला विद्वत्तेइतकीच चित्रकाराची नजर लागते. पुढे ते स्वतः आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संशोधक वीरेंद्रनाथ मिश्र यांनी तेथे उत्खनन केले. जमिनीखालून अश्मयुगीन दगडी हत्यारे निघाली आणि त्या गुहांतून माणूस किती दीर्घकाळ राहिला हे उजेडात आले.

१९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ३ एप्रिल १९८८ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. २००३ साली भीमबेटका जागतिक वारसास्थळ ठरले. ते मान्य झालेले पाहण्यास वाकणकर नव्हते. भोवतीचे रातापानीचे अरण्य २०२४ साली व्याघ्र प्रकल्प झाले, तेव्हा त्याला वाकणकरांचे नाव देण्याचे मध्य प्रदेश शासनाने जाहीर केले.