बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ

सायंकाळीं शाळा सुटली म्हणजे आमच्या पटांगणांतील दोन खांबांभोंवतीं मुलांची जी गर्दी जमते, ती पाहून कोणाहि शिक्षकास आनंदच वाटावा. परंतु चेंडू जाळींतून पडतांच टाळ्या पिटणाऱ्या या मुलांस, हा खेळ कोणीं, कोठें व कशासाठीं काढला असें विचारलें, तर बहुतेक निरुत्तर होतात. कुस्ती, आट्यापाट्या, हुतुतू हे खेळ कोणा एकानें काढले असें नाहीं. ते पिढ्यान्‌पिढ्या खेळतां खेळतां घडत आले. बास्केटबॉलची गोष्ट निराळी आहे. एका मनुष्यानें, एका विशिष्ट हेतूनें, अवघ्या चौदा दिवसांच्या मुदतींत तो निर्माण केला. त्या मनुष्याचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींहि जाणून घेण्यासारखें आहे.

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म ता. ६ नोव्हेंबर १८६१ रोजीं कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत आल्मॉन्ट गांवाजवळ झाला. घराणें मूळचें स्कॉटलंडांतील. इ. स. १८७० सालीं विषमज्वरानें आईबाप थोड्याच दिवसांच्या अंतरानें मरण पावले, आणि जेम्स व त्याचीं भावंडें पोरकीं झालीं. मामा पीटर यंग यांनीं पुढें त्यांचा सांभाळ केला. त्या खेड्यांतील मुलांचा एक आवडता खेळ असे. मोठ्या खडकावर एक लहान धोंडा ठेवावयाचा व दुरून दगड मारून तो खालीं पाडावयाचा. जोरानें मारलेला दगड चुकला तर दूर जाऊन पडे, व तो आणण्यास धांवणारा गडी हटकून पकडला जाई. उलट, हलक्या हातानें उंच फेंकलेला दगड जवळच पडे. बळापेक्षां नेम श्रेष्ठ, हा धडा जेम्सनें तेथें घेतला. तो पुढें कसा उपयोगी पडला, तें लवकरच दिसेल.

अभ्यासांत जेम्सचें लक्ष नव्हतें. मध्येंच शाळा सोडून तो जंगलांत लांकूडतोडीच्या कामावर गेला व तेथें त्यानें कांहीं वर्षें घालविलीं. मग चूक उमगली. आपल्याहून लहान मुलांच्या शेजारीं बसण्याची लाज न धरतां तो पुन्हां शाळेंत आला, आणि माँट्रिअल येथील मॅक्‌गिल विद्यापीठाचा पदवीधर झाला.

पदवीनंतर पाद्री होण्याच्या उद्देशानें त्यांनीं धर्मशास्त्राचा अभ्यास केला. तरी मैदानाची ओढ सुटेना. त्या काळीं दांडगाईच्या खेळांत रमणारा धर्मसेवक हें पुष्कळांस विपरीत वाटे. त्यांचे सहाध्यायी तर या खेळाडूसाठीं काळजीनें प्रार्थना करीत. एकदां फुटबॉलच्या सामन्यांत त्यांच्या शेजारच्या गड्यानें संतापाच्या भरांत तोंडांतून वाईट शब्द काढला. पण नेस्मिथ जवळ आहेत हें ध्यानांत येतांच ओशाळून त्यांची क्षमा मागितली. नेस्मिथांनीं त्यास कधीं उपदेश केला नव्हता. केवळ सहवासानें जर एवढें होतें, तर व्यासपीठाइतकीच मैदानावरहि माणसें घडवितां येतील, असें त्यांच्या मनानें घेतलें. इ. स. १८९० सालीं ते अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं वाय्. एम्. सी. ए. च्या ट्रेनिंग स्कुलांत दाखल झाले.

तेथें त्यांची कसोटी लागली. हिंवाळ्यांत बर्फामुळें बाहेर खेळतां येईना, व बंदिस्त जागेंतील कवायतीस तरुण कंटाळले. अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग तर इतका नाठाळ कीं दोन शिक्षकांनीं हात टेंकले होते. मुख्य शिक्षक डॉ. ल्यूथर ग्यूलिक यांनीं तो वर्ग नेस्मिथांकडे दिला व चौदा दिवसांत नवा खेळ शोधण्यास सांगितलें. मैदानी खेळ आंत आणून पाहिले, तों कोणाचे हातपाय दुखावले, तर कोणास त्यांत रस वाटेना. शेवटीं नेस्मिथांनीं मुळाशींच विचार केला. धसमुसळेपणा कां होतो? गडी चेंडू घेऊन पळतो, म्हणून त्यास पाडावें लागतें. तर चेंडू घेऊन पळण्याचीच मनाई करावी! गोल समोर असला म्हणजे चेंडू जोरानें मारला जातो. तर गोल आडवा व डोक्यावर असावा, म्हणजे चेंडू उंच व हळुवार टाकावाच लागेल! लहानपणींचा तो दगडांचा खेळ येथें कामास आला.

शाळेच्या रखवालदाराकडे त्यांनीं दोन खोकीं मागितलीं. खोकीं नव्हतीं, पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या सज्जाच्या कठड्यास दहा फूट उंचीवर ठोकल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर लावले, आणि इ. स. १८९१ च्या डिसेंबरांत नऊ नऊ गड्यांचा पहिला सामना झाला. टोपल्यांस बूड असल्यामुळें चेंडू वर चढून काढावा लागे. त्या दिवशीं गोल एकच झाला. पण नाठाळ वर्ग खेळ सोडून जाईना! एका विद्यार्थ्यानें खेळास नेस्मिथांचेंच नांव सुचविलें, तें त्यांनीं हंसून नाकारलें. मग टोपलीवरून 'बास्केटबॉल' हें नांव पडलें. पुढील वर्षींच सेन्डा बेरेन्सन या शिक्षिकेनें तो स्मिथ कॉलेजांतील मुलींस शिकविला.

इ. स. १८९८ सालीं नेस्मिथ वैद्यकीय पदवी घेऊन कॅन्सस विद्यापीठांत प्रार्थनामंदिराचे प्रमुख व व्यायामशिक्षक म्हणून गेले. त्याच सालीं अमेरिकेंत पैसे घेऊन खेळणाऱ्या संघांचा पहिला धंदेवाईक संघ निघाला. तेथपासून या खेळाचे दोन प्रवाह झाले, एक कॉलेजांचा व एक धंदेवाईकांचा. धंदेवाईकांचे सामने कित्येक ठिकाणीं तारेच्या पिंजऱ्यांत होत, इतकी त्यांत झोंबाझोंबी असे. आज त्या प्रवाहांत कोट्यवधि रुपये वाहतात, व तेथील खेळाडूंचें कौशल्य पाहून आमच्यासारख्या शौकिनांचेंहि भान हरपतें. श्रमाचें मोल घेणें हें पाप नव्हे. परंतु खेळाच्या जनकानें आपल्या शोधावर पैसा जोडण्याची खटपट केली नाहीं, ही गोष्ट विसरूं नये.

आणखी नवल असें कीं, कॅन्ससच्या संघाचे गुरु म्हणून त्यांचे ५५ विजय व ६० पराजय झाले. त्या विद्यापीठाच्या गुरूंत विजयांहून पराजय अधिक असलेले ते एकटेच! त्यांचाच शिष्य फॉरेस्ट अ‍ॅलन मात्र नामांकित गुरु झाला. नेस्मिथांस याचा विषाद नव्हता. खेळ हा आधीं खेळण्यासाठीं, मग जिंकण्यासाठीं, असें त्यांचें मत होतें.

त्यांचा खरा विजय दुसरीकडे दिसतो. इ. स. १९३३ सालीं जॉन मॅक्‌लेंडन नांवाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी तेथें आला. वर्णभेदामुळें त्यास विद्यापीठाच्या संघांत प्रवेश नव्हता. वृद्ध नेस्मिथांनीं त्यास जवळ केलें व मार्गदर्शन दिलें. पुढें त्याच मॅक्‌लेंडननें टेनेसी येथील आपल्या कॉलेजच्या संघास १९५७, १९५८ व १९५९ अशीं लागोपाठ तीन वर्षें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलें. संघांत ज्यास जागा नाकारली, तोच गुरूंचा गुरु झाला!

इ. स. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकांत बास्केटबॉलचा समावेश झाला. नेस्मिथांस तेथें पाठविण्यासाठीं अमेरिकेंतील बास्केटबॉलच्या गुरूंनीं वर्गणी जमविली. अंतिम सामना भर पावसांत, चिखलांत झाला, व अमेरिकेनें कॅनडावर १९ विरुद्ध ८ असा जय मिळविला. एक त्यांची जन्मभूमि, दुसरी कर्मभूमि. पदकें त्यांच्याच हस्तें दिलीं गेलीं. ता. २८ नोव्हेंबर १९३९ रोजीं कॅन्ससमधील लॉरेन्स येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांनीं भिंतीवर लावलेल्या त्या तेरा नियमांचे कागद इ. स. २०१० सालीं त्रेचाळीस लाख डॉलरांहून अधिक किंमतीस विकले गेले!

स्प्रिंगफील्डच्याच परंपरेंतील हॅरी बक यांनीं इ. स. १९२० सालीं मद्रासेस वाय्. एम्. सी. ए. चें शारीरिक शिक्षणाचें कॉलेज स्थापिलें. तेथें शिकलेले व्यायामशिक्षक हिंदुस्थानांतील अनेक शाळांत गेले. तेव्हां हें ऋण आपणांपर्यंतहि पोहोंचलें आहे.

मुलांनो, उद्यां सामना हरून तुम्हीं घरीं याल. आणि पालकहो, किती गोल झाले हें तुम्हीं विचारालच. तें अवश्य विचारा; परंतु पडलेल्या गड्यास हात देऊन कोणीं उठविलें, हेंहि एकदां विचारून पाहा. नेस्मिथांनीं टोपली डोक्यावर टांगली, ती या दुसऱ्या प्रश्नासाठींच होय.