श्वासाचा पहारेकरी शोधणारा शास्त्रज्ञ : जॉन हॉल्डेन

क्षणभर श्वास रोखून पाहा. थोड्याच वेळात जीव कासावीस होतो आणि छाती आपल्याला न विचारता हवा ओढून घेते. हा हुकूम कोण देतो? प्राणवायू संपतो म्हणून आपण तडफडतो, असे पुष्कळांना वाटते. मुख्य कारण निराळेच आहे. ते सिद्ध करणाऱ्या जॉन स्कॉट हॉल्डेन यांची ही ओळख.

हॉल्डेन यांचा जन्म मे १८६० मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. घराणे सधन. १८८४ मध्ये ते डॉक्टर झाले. परंतु दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी संशोधनाची वाट धरली आणि पुढे ऑक्सफर्डला ते स्थायिक झाले. कोंदट घरे, गटारे, कोळशाच्या खाणी, जिथे गरीब माणूस दूषित हवेत दिवस काढतो, तिथली हवा ते तपासू लागले.

१८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार दगावले. हॉल्डेन यांनी मृतदेह तपासले. बहुतेक जण स्फोटाच्या धक्क्याने नव्हे, तर नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने मेले होते. या वायूला रंग नाही, वास नाही. त्याचा परिणाम जाणण्यासाठी हॉल्डेन यांनी तो स्वतःच हुंगला होता आणि पाय लटपटेपर्यंत नोंदी केल्या होत्या. खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी न्यावा, ही सूचना त्यांचीच. इवल्या जिवाला विष आधी बाधते आणि माणसाला पळायला वेळ मिळतो. ब्रिटनमधील खाणींत हे पक्षी १९८६ पर्यंत होते.

१९०५ मध्ये त्यांनी प्रीस्टली या सहकाऱ्याबरोबर मोठा शोध प्रसिद्ध केला. फुप्फुसांच्या तळाशी असलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड केवळ ०.२ टक्क्याने वाढला, तरी तिथे खेळणारी हवा दुप्पट होते. म्हणजे श्वासाचा लगाम मुख्यतः या वायूच्या हाती! तो रक्तात विरघळला की आम्ल तयार होते. पुढे हॉल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. यांनी अमोनियम क्लोराइड पाण्यातून पिऊन आपले रक्त आम्लधर्मी केले आणि त्यांना जोराची धाप लागली. मेंदू जिथे पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला मिळतो, त्या देठासारख्या भागात ही आम्लता ओळखणाऱ्या जागा आहेत, हे १९६३ मध्ये प्रयोगांनी दाखवले गेले. तिथले मज्जापेशींचे पहारेकरी आम्लता वाढताच श्वास वाढवतात.

मी कला शाखेचा विद्यार्थी. घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. मग हे सारे मी का वाचले? माझे वडील विहिरी खोदतात. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा, विझला तर उतरायचे नाही, अशी त्यांची शिस्त. पण आमच्या शिवारात एकदा विहिरीत डिझेल इंजिन चालू असताना आत उतरलेले दोघे जण परत आले नाहीत. कंदील तर शेवटपर्यंत जळत होता! कुणी म्हणाले, विहीर बाधली. त्याचे उत्तर मला हॉल्डेन यांच्या चरित्रात मिळाले. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याने ज्योत विझत नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. पण सुरुवातीला आम्लता वाढवत नाही. त्यामुळे मेंदूतला पहारेकरी ओरडत नाही, धाप लागत नाही, आणि माणूस न कळत कोसळतो.

जे. बी. एस. १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले. जॉन हॉल्डेन मात्र मार्च १९३६ मध्येच ऑक्सफर्ड येथे वारले होते. स्वतः कधी कुदळ न उचललेल्या या माणसाने कुदळ उचलणाऱ्यांसाठी आपला श्वास पणाला लावला. शरीराचा इशारा कुठे मिळतो हे त्यांनी शिकवले. आणि तो कुठे मिळत नाही, हेही. जमिनीखाली उतरणाऱ्याच्या दृष्टीने ही दुसरी शिकवण अधिक मोलाची आहे.