मुळांना घातांक देणारे जॉन वॉलिस

√ हे चिन्ह दिसले की आपल्यापैकी पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. या चिन्हाला घातांकांच्या पंगतीत बसवणाऱ्या गणितज्ञाची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

जॉन वॉलिस यांचा जन्म १६१६ साली इंग्लंडमधील ॲशफर्ड गावी झाला. सहाव्या वर्षी पितृछत्र हरपले. शाळेत ते लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकले. गणित मात्र नाही. ती व्यापाऱ्यांची विद्या समजली जाई. पंधराव्या वर्षी नाताळात घरी आले असता धाकटा भाऊ व्यापारासाठी हिशेब शिकत होता. त्याच्याकडूनच त्यांनी सुमारे दोन आठवड्यांत अंकगणित शिकून घेतले. (धाकट्याकडून शिकणे आपल्या घरांत किती जणांना रुचेल, कोण जाणे!) पुढे यादवी युद्धात पार्लमेंटच्या बाजूने शत्रूची सांकेतिक पत्रे उलगडून त्यांनी नाव मिळवले. १६४९ साली ते ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक झाले आणि १७०३ मध्ये निधन होईपर्यंत त्याच पदावर राहिले.

१६५६ साली त्यांचा ‘अरिथमेटिका इन्फिनिटोरम’ हा ग्रंथ निघाला. वर्ग, घन यांसाठी चालणारा नियम मुळांनाही लागू पडतो, फक्त वर्गमुळाचा घातांक १/२ आणि घनमुळाचा १/३ धरला पाहिजे, हे त्यांनी त्यात दाखवले. चौदाव्या शतकात फ्रान्सच्या निकोल ओरेम यांनाही अशीच कल्पना सुचली होती, पण ती रुजली नाही.

यातली खुबी पाहा. √५ × √५ = ५ हे आपल्याला ठाऊक आहे. पाया तोच असला की गुणाकारात घातांकांची बेरीज होते; १/२ + १/२ = १, म्हणजे ५ चा पहिला घात. आता २ चे वर्गमूळ गुणिले २ चे घनमूळ किती? मुळांची चिन्हे घेऊन बसलात तर अडाल. घातांक घ्या: १/२ + १/३ = ५/६. म्हणजे २ च्या पाचव्या घाताचे, अर्थात ३२ चे, सहावे मूळ! छेद मुळाचा, अंश घाताचा, एवढेच ध्यानात ठेवायचे.

अपूर्णांक घातांक अंकाच्या डोक्यावर लिहिण्याची आजची रीत मात्र न्यूटन यांनी लायब्निझ यांच्यासाठी लिहिलेल्या १६७६ च्या पत्रामुळे पुढे आली. तरुणपणी न्यूटन यांनी वॉलिस यांचा ग्रंथ बारकाईने वाचला होता.

वॉलिस यांना रात्री झोप लागत नसे. १६६९ च्या डिसेंबरात त्यांनी अंधारात, कागदाविना, ३ चे वर्गमूळ २० दशांश स्थळांपर्यंत काढले. पुढे एका पाहुण्याच्या सांगण्यावरून ५३ अंकी संख्येचे मूळही तसेच मनात काढले आणि ते २७ अंकी उत्तर महिन्याभराने त्याला तोंडपाठ सांगितले.