बाबा आमटे

मुरलीधर देवीदास आमटे ऊर्फ बाबा आमटे (जन्म : हिंगणघाट, २६ डिसेंबर १९१४, मृत्यू : आनंदवन, ९ फेब्रुवारी २००८) हे मराठी समाजसेवक, कवी आणि विचारवंत होते. कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनासाठी त्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. सोमनाथ येथील श्रमसंस्कार छावण्यांतून त्यांनी तरुणांना श्रमदानाची वाट दाखवली. आयुष्याच्या उत्तरार्धात जंगले, वन्यजीव आणि नद्या वाचवण्याच्या लढ्यांत ते उतरले.

बालपण व शिक्षण

आमटे घराणे जमीनदारांचे होते. वरोऱ्याजवळील गोरजे हे त्यांचे गाव. वडील देवीदास सरकारी अधिकारी होते. घरात थोरल्या मुलाला लाडाने बाबा म्हणत. पुढे तेच नाव रूढ झाले. बाबांना लहानपणापासून शिकारीचा नाद होता. किशोरवयातच त्यांच्याकडे स्वतःची बंदूक होती आणि अस्वल, हरीण यांच्या मागावर ते रानोमाळ हिंडत. पुढे ज्या जंगलांसाठी ते झगडले, त्या जंगलांशी त्यांची पहिली ओळख अशी शिकारी म्हणून झाली.

नागपूर येथे त्यांनी कायद्याची पदवी घेतली. काही काळ दुर्ग येथे व नंतर वरोऱ्यात त्यांनी वकिली केली. चित्रपटांची त्यांना आवड होती व इंग्रजी नियतकालिकासाठी ते चित्रपट-परीक्षणे लिहीत. याच काळात रवींद्रनाथ टागोर आणि महात्मा गांधी यांच्या विचारांचा प्रभाव त्यांच्यावर पडला. सेवाग्राम आश्रमाशी त्यांचा संबंध आला. १९४२च्या आंदोलनात अटक झालेल्यांच्या बचावासाठी त्यांनी वकिलांना संघटित केले आणि त्यासाठी स्वतः तुरुंगवासही भोगला. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे जीवन समजून घेण्यासाठी त्यांनी काही महिने डोक्यावरून मैला वाहिला. १९४६मध्ये त्यांचा विवाह इंदू घुले यांच्याशी झाला. त्या साधनाताई या नावाने ओळखल्या जातात.

आनंदवनाची उभारणी

पावसात भिजत पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरुग्णाला पाहून बाबा प्रथम भयाने दूर गेले. या भयाची लाज वाटून ते परतले आणि त्यांनी त्याची सेवा केली. या प्रसंगाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. १९४९मध्ये त्यांनी कोलकाता येथे कुष्ठरोगावरील उपचारांचे शिक्षण घेतले व महारोगी सेवा समितीची स्थापना केली. १९५१मध्ये वरोऱ्याजवळील पन्नास एकर जमिनीवर सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले. त्याचे उद्घाटन आचार्य विनोबा भावे यांच्या हस्ते झाले.

ही जमीन खडकाळ होती. झुडपी रान, साप-विंचू यांचा सुळसुळाट आणि पाण्याचा अभाव अशा परिस्थितीत झडलेल्या बोटांच्या रुग्णांनी विहीर खणली. पाणी लागल्यावर भाजीपाला व धान्य पिकू लागले. त्यानंतर बांधबंदिस्ती, तळी आणि झाडे यांची जोड मिळाली व उजाड माळ हिरवा झाला. दयेवर जगण्याऐवजी श्रमावर जगावे, हे आनंदवनाचे सूत्र ठरले.

आनंदवनात पिकलेला माल विकत घेण्यास वरोऱ्याचे लोक आरंभी धजत नसत. १९५४मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशींचे स्वयंसेवक येथे आले. रुग्णांसोबत राहून त्यांनी रुग्णालयाची इमारत बांधली आणि रुग्णांनी पिकवलेले अन्न खाल्ले. बाहेरून आलेली माणसे निर्धास्तपणे वावरताना पाहून गावकऱ्यांची भीती ओसरू लागली. स्वेच्छेने केलेल्या श्रमामुळे बांधकाम तर होतेच, पण समाजातील अंतरही कमी होते, हा अनुभव पुढील कार्यास उपयोगी पडला.

सोमनाथ व श्रमसंस्कार छावणी

१९६७मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यात, जंगलाच्या सान्निध्यात सोमनाथ प्रकल्प सुरू झाला. श्रमिक विद्यापीठ ही त्यामागील कल्पना होती. दर वर्षी मे महिन्यात भरणाऱ्या छावणीत महाराष्ट्रभरातून विद्यार्थी येऊ लागले. विदर्भातील कडक उन्हामुळे पहाटे कामाला प्रारंभ होई. बांध घालणे, माती उपसणे, विहिरी व तळी खणणे, रस्ते तयार करणे अशी कामे कुदळ, फावडे आणि घमेले घेऊन केली जात. उरलेल्या वेळात व्याख्याने, चर्चा आणि समूहगान असे. शहरी तरुणांना मातीचे काम आणि कुष्ठमुक्तांचा सहवास येथे एकाच वेळी लाभला. या छावण्यांतून आलेल्या काही तरुणांनी पुढे सामाजिक कार्याला वाहून घेतले.

हेमलकसा

२३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळील हेमलकसा येथे माडिया गोंड आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्पास आरंभ झाला. धाकटे पुत्र डॉ. प्रकाश आणि स्नुषा डॉ. मंदाकिनी यांनी त्याची धुरा सांभाळली. शिकाऱ्यांनी मारून आणलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू पाहून डॉ. प्रकाश यांनी ते मागून घेतले. अन्नधान्याच्या मोबदल्यात अनाथ पिल्ले प्रकल्पाकडे देण्याचा प्रघात त्यातून पडला आणि वन्यप्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. बाबांच्या शिकारी तारुण्याच्या पार्श्वभूमीवर पुढच्या पिढीचे हे कार्य लक्षणीय ठरते.

जंगल व नदी वाचवण्याचे लढे

गोदावरीवरील इचमपल्ली आणि इंद्रावतीवरील भोपालपट्टनम या नियोजित धरणांमुळे गडचिरोली व बस्तर भागातील विस्तीर्ण वनक्षेत्र आणि माडिया गोंडांची गावे पाण्याखाली जाणार होती. सागाची जंगले आणि रानम्हशीसारख्या दुर्मिळ प्राण्याचा अधिवास यांनाही धोका होता. बाबांनी माणूस आणि जंगल या दोहोंच्या रक्षणाची मागणी एकत्र मांडली, आदिवासींना संघटित केले आणि १९८४मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांना पत्र लिहिले. त्यानंतर हे प्रकल्प स्थगित राहिले. एकदा बुडालेले नैसर्गिक अरण्य लागवडीने जसेच्या तसे परत आणता येत नाही, ही या विरोधामागील भूमिका होती.

मणक्याच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे. उभे राहणे किंवा आडवे होणे एवढेच शक्य होते. तरीही १९८५-८६मध्ये त्यांनी कन्याकुमारी ते काश्मीर भारत जोडो अभियान काढले. १९९०मध्ये आनंदवन सोडून ते मध्य प्रदेशात नर्मदाकाठी कसरावद येथे राहावयास गेले व सुमारे दशकभर तेथे राहून त्यांनी नर्मदा बचाव आंदोलनाला बळ दिले. १९९१मध्ये त्यांनी पद्म सन्मान परत केले. धरण समर्थकांनी, विशेषतः गुजरातमध्ये, त्यांच्यावर टीका केली. ऑक्टोबर २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवर धरणाच्या बांधकामास अनुमती दिली. हा लढा त्यांना जिंकता आला नाही. मात्र विस्थापन आणि वनांचा विनाश हे प्रश्न त्यामुळे देशभर चर्चिले गेले.

लेखन व सन्मान

ज्वाला आणि फुले हा त्यांचा कवितासंग्रह प्रसिद्ध आहे. पद्मश्री (१९७१), रॅमन मॅगसेसे पुरस्कार (१९८५), पद्मविभूषण (१९८६), टेम्पल्टन पुरस्कार (१९९०), गांधी शांतता पुरस्कार (१९९९) आणि महाराष्ट्र भूषण (२००४) हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान होत.

निधन

रक्ताच्या कर्करोगाने आनंदवनात त्यांचे निधन झाले. दहनाऐवजी दफन व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. समाजसुधारणा आणि पर्यावरण यांविषयीच्या त्यांच्या धारणेशी ही इच्छा सुसंगत होती. एकेकाळी खडकाळ असलेल्या आणि कुष्ठमुक्तांच्या हातांनी हिरव्या झालेल्या त्याच भूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.