पंडिता रमाबाई आणि प्लेगचे इस्पितळ

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की संस्कृतचे पांडित्य, विधवांचे सदन आणि धर्मांतर या तीन गोष्टी लगेच सांगितल्या जातात. शाळेत आम्हीही तेवढ्याच पाठ केल्या. परंतु आजारी, निराधार माणसाला ज्या जागी ठेवतात ती जागा आतून कशी आहे, हा प्रश्न त्यांनी सरकारला तोंडावर विचारला होता. मला त्यांचे चरित्र जवळचे वाटले ते या प्रश्नामुळे.

जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले. तीर्थे हिंडण्यात कुटुंबाचे आयुष्य गेले आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण पाठोपाठ गेली. पुढे भावाबरोबर पायपीट करीत रमाबाई कलकत्त्यास पोचल्या. १८७८ साली तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. भाऊ गेला, लग्न झाले आणि दोन वर्षांच्या आत पतीही गेले. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या १८८२ मध्ये पुण्यास आल्या.

त्याच वर्षी हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री डॉक्टरांची मागणी केली. पुरुष डॉक्टरापुढे जाण्यापेक्षा बाया मरण पत्करतात, हे त्यांनी पाहिले होते. स्वतः वैद्यकी शिकण्यासाठी १८८३ साली त्या विलायतेला गेल्या. पण ऐकू कमी येऊ लागल्याने तो मार्ग बंद झाला. अमेरिकेहून परतल्यावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. १८९३ साली रानडे, भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, कारण मुली बाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या होत्या. दुसऱ्याच्या मुली सांभाळणाऱ्याला असा जाब विचारला जाणारच. त्यात मला वावगे दिसत नाही.

आता मुख्य गोष्ट. १८९७ साली पुण्यात प्लेग भडकला. सोल्जर घरात शिरत, संशयित माणसाला उचलून इस्पितळात किंवा छावणीत नेत. गाठ आहे का हे पाहण्यासाठी बायकांच्या काखा-जांघा परके पुरुष उघड्यावर तपासत. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून आणलेल्या मुली तेव्हा रमाबाईंच्या आश्रयाला होत्या. मे महिन्यात त्यांनी बॉम्बे गार्डियन या पत्रात इस्पितळातल्या कारभाराविषयी लिहिले. त्यांचा आरोप असा की, त्यांची एक मुलगी तिथे नेली गेली आणि पहारेकऱ्याच्या तावडीत सापडली. खाटा किती, औषध कोणते, याचा हिशेब सरकारकडे होता. बाईंचा प्रश्न वेगळा होता : आत गेलेल्या एकट्या पोरीजवळ रात्री कोण जाते, आणि तिच्या माणसांना तिचा पत्ता कोण देते?

प्रकरण थेट विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते लिहिणे चुकीचे आणि दिशाभूल करणारे ठरवले. विलायतेत असलेल्या गोखल्यांनी पुण्याच्या पत्रांवरून सोल्जरांच्या वर्तनाविषयी जाहीर आरोप केले होते. परत आल्यावर पुरावा द्यायला कोणी पुढे येईना, तेव्हा त्यांना माफी मागावी लागली. रमाबाई मात्र आपल्या शब्दावरून हटल्या नाहीत.

हे वाचताना मला आईची आठवण होत होती. आई आमच्या आंबेगाव तालुक्यातल्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये रात्रपाळीची मावशी आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या गावांत पोरे मुंबईला आणि म्हातारी माणसे घरी. खुबा मोडला की म्हातारीला नारायणगावला किंवा मंचरला आणतात, आणि नातेवाईक फरशी बघतात, डॉक्टरच्या पदव्या वाचतात. आई म्हणेल, आधी आतल्या म्हाताऱ्याला कुशीवर वळवून बघा. पाठीला, टाचेला जखम असेल तर त्याला कोणी वळवत नाही असे समजा. पाण्याचा तांब्या हाताला येतो का, संडासाची कडी बाहेरून उघडते का, मागच्या जिन्यात मोडक्या खाटा रचल्यात का, तेही बघा. कित्येक रात्री सिस्टर निघून जाते आणि दोन वॉर्डांना आई एकटी उरते. शिक्षण तिचे चौथी. सलाइन संपले तर तिने करायचे काय?

कायदा आहे. नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा १९४९ चा, आणि २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावणे बंधनकारक केले. सनद वाचायला हरकत नाही. पण तपासणीला येणारे साहेब दिवसा येतात. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी आग लागून दहा नवजात बालके गेली, तीही मध्यरात्रीनंतर.

रमाबाईंवर पुढे स्वतः शेकडो जीव सांभाळण्याची पाळी आली. पुण्यातल्या प्लेगच्या निर्बंधांमुळे मुली केडगावच्या शेतावर हलवाव्या लागल्या. तिथे मुक्ती सदन उभे राहिले आणि १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. अंध मुलींसाठी आणि वृद्ध, अपंग स्त्रियांसाठी वेगळे विभाग होते. विहिरी, शेती, गाई, विणकाम, छापखाना, सारे बायकांच्या हातचे. तरीही बाईंचाच प्रश्न त्यांनाही विचारला पाहिजे. उपाशी पोरीला अन्न देणाऱ्याच्या देवाला नाही म्हणणे कितपत जमत असेल? त्यांच्या थोरवीचा मान राखूनही मला ही शंका सोडवत नाही.

१९२१ साली मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच रमाबाई गेल्या. संस्था आजही चालू आहे. हे सारे मी आईला वाचून दाखवले तेव्हा धर्मांतराविषयी ती काहीच बोलली नाही. दोन हजार जणींना रात्री उठून बघायला किती बाया होत्या, एवढेच तिने विचारले, आणि डबा भरून कामाला गेली.