हिशेबाला सत्याची कसोटी लावणारे प्राध्यापक
अमेरिकेतील मिशिगन राज्यात १८८९ मध्ये जन्मलेले विल्यम पेटन हे लेखाशास्त्राचे विद्यार्थिप्रिय प्राध्यापक होते. मालमत्तेचे चालू मूल्य हिशेबात दिसावे, असा आग्रह त्यांनी १९२२ च्या ग्रंथात धरला. मात्र ए. सी. लिटलटन यांच्यासह १९४० मध्ये लिहिलेल्या पुस्तकाने मूळ खरेदी किमतीच्या पद्धतीलाच बळ मिळाले. महागाईच्या काळात जुन्या किमतींवर मांडलेला नफा फसवा ठरतो, हे जाणून पेटन पुढे स्वतःच्याच पुस्तकाच्या प्रभावाविरुद्ध उभे राहिले. १९५९ मधील निवृत्तीनंतरही त्यांची लेखणी थांबली नाही. १९८७ मध्ये शतकातील श्रेष्ठ लेखाशिक्षक म्हणून त्यांचा गौरव झाला. १९९१ मध्ये, वयाच्या १०१व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न ताळेबंदांतून आजही डोकावतो.