जॉन गली : मुष्टियोद्धा ते खासदार

होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये मॅच सुरू झाली की कोपऱ्यातून कुणीतरी हमखास ओरडतो, "लावतो का पन्नास?" समोरचा लावतो, हरतो आणि महिनाभर मेसमध्ये तोंड चुकवत फिरतो. या पैजेमागे एक गणित असतं. ते कुणाच्या बाजूने असतं हे बघायचं असेल तर दोनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज माणसाचं आयुष्य बघावं. त्याचं नाव जॉन गली.

गलीचा जन्म १७८३ चा, बाथ आणि ब्रिस्टलच्या मधल्या विक गावचा. वडील खाणावळवाले, नंतर खाटीक. त्यांच्या मागे दुकान गलीकडे आलं, पण चाललं नाही. १८०५ साली कर्ज फेडता न आल्यामुळे हा बावीस वर्षांचा तगडा पोरगा लंडनच्या तुरुंगात जाऊन पडला. त्या काळात इंग्लंडमध्ये कर्जबाजारी माणसाला सरळ आत टाकत. पैसे चुकते होईपर्यंत सुटका नाही, आणि आत बसून पैसे कमवायचे तरी कसे?

तिथे त्याला भेटायला आला हेन्री पिअर्स. हाही ब्रिस्टलकडचाच आणि मुष्टियुद्धातला नावाजलेला गडी. तुरुंगातच दोघांची गंमत म्हणून झटापट झाली आणि गलीने पिअर्सला चांगलंच झुंजवलं. ही बातमी शौकीन श्रीमंतांच्या कानावर गेली. त्यांनी गलीचं कर्ज फेडलं आणि त्याला बाहेर काढून थेट पिअर्ससमोर उभं करायचं ठरवलं. यात दया वगैरे काही नव्हती. त्यांना पैज लावायला नवा घोडा हवा होता, एवढंच.

त्या वेळच्या लढती कशा चालत हेही सांगायला हवं. हातात ग्लोव्हज नाहीत, गुण नाहीत, फेरीला ठरलेली वेळ नाही. एक जण खाली पडला की फेरी संपली. अर्ध्या मिनिटात उठून मधल्या रेषेपाशी यायचं, नाही आला तो हरला. हा नियम १७४३ सालचा, जॅक ब्रॉटनचा. त्याच नियमांत दोन पंच आणि त्यांचं पटलं नाही तर तिसरा, अशी सोय होती. पडलेल्याला मारू नये ही माणुसकी त्यात होतीच, पण हरला कोण यावर वाद नको, कारण पैशांचा हिशोब त्यावरच, हेही होतं. दोन्ही बाजूंचे पाठीराखे ठरलेली रक्कम एका तिसऱ्या माणसाकडे ठेवत आणि जिंकणारी बाजू सगळी उचले. याशिवाय प्रेक्षकांच्या आपसांतल्या पैजा वेगळ्याच : पहिलं रक्त कुणाचं निघेल, पहिला कोण पडेल. लढत चालू असताना दर फेरीला भाव बदलत. गंमत म्हणजे हा सगळा प्रकार बेकायदा होता, तरी उमराव मंडळी पुढच्या रांगेत असत.

८ ऑक्टोबर १८०५ रोजी ससेक्समधल्या हेलशॅमला लढत झाली. तासाहून जास्त वेळ, साठेक फेऱ्या. गली हरला, पण असा हरला की नाव झालं. त्याच डिसेंबरात पिअर्सने एका डोळ्याने अधू झालेल्या जेम बेल्चरला हरवलं. बेल्चरचं जुनं नाव बघून पैसे लावणारे बुडाले. भावात नाव दिसतं, डोळा दिसत नाही. पिअर्सची तब्येतही पुढे ढासळली आणि १८०९ मध्ये तो क्षयाने गेला. गली १८०७ मध्ये आणि पुन्हा १८०८ मध्ये लँकेशायरच्या दांडग्या बॉब ग्रेगसनशी लढला, दोन्ही वेळा जिंकला आणि वयाच्या पंचविशीत रिंगमधून बाहेर पडला. पुन्हा आत गेला नाही. मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातला सगळ्यात हुशारीचा निर्णय हाच.

मग त्याने लंडनमध्ये दारूचा गुत्ता चालवायला घेतला आणि घोड्यांच्या शर्यतींवर पैज लावण्याचा व घेण्याचा धंदा सुरू केला. आपल्याकडच्या सट्ट्याच्या भाषेत लावणारा आणि खाणारा अशा दोन जाती. गलीने दोन्ही केलं. पण फरक समजून घ्या. समजा दोन मुष्टियोद्धे आहेत. पहिल्याचा भाव असा, की ६० लावले तर जिंकल्यावर ४० वर मिळणार, म्हणजे हातात १००. दुसऱ्यावर बरोबरीचा भाव : ५० लावा, १०० न्या. खाणाऱ्याकडे एकूण ११० आले. कुणीही जिंको, त्याला १०० च द्यायचे. दहा त्याच्या खिशात, तेही एकही ठोसा न खाता! एम-थ्रीच्या भाषेत, दोघांच्या जिंकण्याच्या संभाव्यतांची बेरीज १ यायला हवी. इथे ०.६ अधिक ०.५, म्हणजे १.१. तो वरचा ०.१ लावणाऱ्या सगळ्यांनी मिळून भरायचा. एकाच बाजूला जास्त पैसे यायला लागले की खाणारा तिकडचा भाव कमी करतो आणि दुसरीकडचा वाढवतो. त्याला कोण जिंकेल याचं भाकीत करायचं नसतं, तराजू सांभाळायचा असतो.

अर्थात गली नुसता तराजू धरून बसला नाही. १८२७ मध्ये त्याने डर्बी जिंकलेला मॅमेल्यूक हा घोडा ४,००० गिनी देऊन घेतला आणि सेंट लेजर शर्यतीत त्याच्यावर प्रचंड पैसे लावले. शर्यत पुन्हा पुन्हा चुकीची सुटली, घोडा बिथरला, मागे राहिला आणि शेवटी दुसरा आला. गलीचे ४० हजार पौंड गेले असं म्हणतात. म्हणजे गणित ठाऊक असलेला माणूससुद्धा लावणाऱ्याच्या रांगेत उभा राहिला की लावणाराच. पण त्याने देणी चुकवली, आणि या धंद्यात पत म्हणजेच भांडवल. तिथे १८४५ च्या कायद्याने पैजेचे पैसे कोर्टातून वसूल करायची सोयच बंद केली. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं ३० वं कलमही हेच सांगतं. टीव्ही रूममधल्या पन्नास रुपयांसाठी भांडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

पाच वर्षांनी, १८३२ मध्ये, सेंट जाइल्सने डर्बी आणि मार्ग्रेव्हने सेंट लेजर जिंकून सगळं भरून काढलं. भागीदाराशी मात्र पैशांवरून बिनसलं, प्रकरण मारहाणीपर्यंत गेलं आणि गलीला कोर्टात भरपाई मोजावी लागली. ठोसे विसरला नव्हता म्हणायचं! त्याच वर्षी डिसेंबरात तो यॉर्कशायरमधल्या पाँटेफ्रॅक्टचा खासदार झाला आणि १८३७ पर्यंत पार्लमेंटात बसला. कर्जासाठी तुरुंगात गेलेला खाटकाचा पोरगा!

पुढे १८४६ आणि १८५४ मध्ये त्याच्या घोड्यांनी आणखी दोनदा डर्बी मारली. पण त्याचं खरं लक्ष तोवर दुसरीकडे वळलं होतं. शर्यतींतला पैसा त्याने डरहॅम भागातल्या कोळशाच्या खाणींत घातला. रेल्वे आणि वाफेच्या इंजिनांचा तो काळ, कोळशाला मागणी वाढतच होती. दोन बायकांची मिळून चोवीस मुलं होती, तेव्हा भरवशाचं उत्पन्न लागणारच. ९ मार्च १८६३ रोजी डरहॅममध्ये तो वारला, तेव्हा एकोणऐंशी वर्षांचा होता. पिअर्सला जाऊन तेव्हा चोपन्न वर्षं होत आली होती.